तिसऱ्या रिंगच्या आत

सुमनकाकू, घाटगे कुटुंबीय, सोसायटीतली मंडळी, काकांचे मंत्रालयातले जुने सहकारी, आमचे खेळाडू, आणि पहिल्या रांगेत बसलेले क्लबचे पदाधिकारी, सर्वांना नमस्कार.

मागे जे उभे आहेत त्यांनी कृपया पुढे यावं. पहिल्या रांगेत सात खुर्च्या रिकाम्या आहेत. क्लबने बारा राखून ठेवल्या होत्या, पाच जण आलेत. या, बसा. आजोबा, तुम्हीही या. काकांच्या सभेला कोणी भिंतीला टेकून उभं राहिलेलं काकांना चाललं नसतं. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली असती.

मला बोलायची सवय नाही. अशा प्रसंगी तर मुळीच नाही. मी कागदावर लिहून आणलं आहे, कारण कागद नसता तर मी दोन वाक्यांत गप्प झाले असते. आवाज हलला तर तेवढं चालवून घ्या. मी थांबेन, पाणी पिईन, पुन्हा सुरू करेन.

आधी मी कोण, ते सांगते. माझं नाव गार्गी. अरविंद घाटगे, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, ते आमच्या फुटबॉल क्लबसाठी खेळाडू शोधायचे आणि त्यांना क्लबमध्ये आणायचे. मी त्याच क्लबमध्ये तीन वर्षं डेटा ॲनालिस्ट आहे. कोण किती पळतं, कुठे चुकतं, कुणाला घ्यावं, याचा हिशोब मी मशीनवर मांडते. काका तो माणसं बघून मांडायचे. आमचं टेबल एकच होतं.

काल मला निनाद यांचा मेसेज आला. निनाद आमचे स्पोर्टिंग डायरेक्टर. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, समोरच्या क्लबशी कसं बोलायचं, हे ते ठरवतात. मेसेज असा होता: "गार्गी, स्पीच छोटी रखना. पॉझिटिव्ह. दोन मिनिटं मॅक्स."

निनाद, दोन मिनिटं झाली असतील. मी पुढे बोलते.

आणि एक विनंती. चेअरमन साहेबांना मराठी कळत नाही. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला आहात. त्यांना सांगत राहा. गाळू नका.

काका कोल्हापूरचे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ते विसरूच द्यायचे नाहीत. कोल्हापुरात फुटबॉल तालमीचा असतो, पेठेचा असतो. काका तालमीकडून खेळले, मग केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, दिल्लीला आले, आणि आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये पंचवीस-एक वर्षं राहिले. रविवारी सकाळी क्वार्टर्समागच्या मैदानावर मुलांना जमवायचे. सुमनकाकू मला म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ह्यांना रविवारीही ऑफिस असतं. दमून, घामेजून यायचे. मग एकदा धुवायला चिखलाने भरलेले खेळाचे पायमोजे काढले तेव्हा कळलं, हे कसलं ऑफिस." काकू, हसा. त्यांनाही ही गोष्ट आवडायची.

निवृत्तीनंतर ते इथे मयूर विहारला आले. क्लब नवीन होता. क्लबकडे लोगो होता, जर्सी होती, नोएडात काचेचं ऑफिस होतं. फुटबॉल कळणारा माणूस नव्हता. म्हणून काकांना घेतलं.

काकांच्या कामाच्या दोन रीती होत्या. त्या नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

पहिली रीत फोनची. काका कुणाचाही फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचे. कुणाचाही. मी एकदा विचारलं, "काका, जेवताना तरी राहू दे की." ते म्हणाले, "अगं, आमच्या वेळी पोरं एसटीडी बूथवरनं फोन लावायची. मागं रांग असायची. तीन रिंगा झाल्या की बूथवाला म्हणायचा, सोड, नाही उचलत कोण. आणि ते पोरगं सोडायचं. फोन नाही गं, खेळणंच सोडायचं." मी म्हटलं, आता बूथ राहिले नाहीत. ते म्हणाले, "बूथ गेले. रांग हाय की अजून."

दुसरी रीत नाड्यांची. बुटाच्या नाड्या. एखाद्या खेळाडूचं ठरलं की काका त्याच्या घरी जायचे. क्लबच्या ऑफिसात बोलवायचे नाहीत, घरी जायचे. चहा घ्यायचे, आईवडिलांशी बोलायचे, आणि उठताना खिशातून पांढऱ्या नाड्यांची नवी जोडी काढून त्याच्या हातात द्यायचे. कागदावर सही नंतर, महिन्याने, दोन महिन्यांनी. नाड्या आधी. नाड्या दिल्या म्हणजे शब्द दिला. मग तो खेळाडू दुसऱ्या कुणाशी बोलत नसे, आणि काकाही त्या जागेसाठी दुसऱ्या कुणाकडे बघत नसत. इथे बसलेल्यांपैकी किती जणांकडे त्या नाड्या आहेत? हात वर करू नका. मला माहीत आहे. अकरा जण.

आता क्लबच्या रणनीतीबद्दल बोलते. शोकसभेत हे बोलतात का? नसतील बोलत. पण काकांच्या आयुष्यातले शेवटचे अडीच महिने या रणनीतीत गेले. ते वगळून त्यांच्याबद्दल बोलले तर फक्त फोटोबद्दल बोलल्यासारखं होईल.

ज्यांना फुटबॉलमधलं माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. उन्हाळ्यात ठराविक दिवस खेळाडूंना क्लब बदलता येतो. त्याला विंडो म्हणतात. विंडो बंद झाली की बंद. ज्याचं ठरलं नाही तो जिथे आहे तिथेच अडकतो, आणि कराराचा काळ संपला असेल तर घरी बसतो. आपल्या क्लबची विंडोतली पद्धत निनाद यांनी बसवली. त्यांनी तिला नाव दिलं, कूलिंग. पद्धत अशी. काकांनी जायचं, शब्द द्यायचा. मग क्लबने गप्प व्हायचं. फोन घ्यायचे नाहीत, मेलला उत्तर द्यायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. आठवडा, दोन आठवडे, महिना. समोरच्याला घाम फुटू द्यायचा. शेवटच्या दोन दिवसांत फोन करायचा आणि जे ठरलं होतं त्याच्या बरंच खाली बोलायचं. तोपर्यंत समोरच्याने बाकीचे रस्ते सोडलेले असतात. तो हो म्हणतो.

मला वाटतं, भाजीवाल्याने पिशवीत भाजी भरून ठेवल्यावर तोंड फिरवून उभं राहणाऱ्या माणसाला आपण रणनीतिकार म्हणत नाही. या हॉलमध्ये त्याच्यासाठी दुसरा शब्द आहे. पण त्या माणसाकडे प्रेझेंटेशन नसतं. आमच्याकडे होतं. बावीस स्लाइड्स. पहिल्या स्लाइडवर हिमनग होता.

आणि नवव्या स्लाइडवर आलेख होता. तो आलेख माझा आहे.

हे मी लपवणार नाही. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर समोरच्या क्लबची मागणी. आमचे मागचे सगळे व्यवहार मी त्यावर मांडले. रेषा सरळ जाते, सरळ जाते, आणि शेवटच्या आठ दिवसांत खाली कोसळते. निनाद खुर्चीतून उठले होते. "ये तो गोल्ड है यार, गार्गी! म्हणजे थांबायचं. बस, थांबायचं." मला बरं वाटलं होतं. चोविसाव्या वर्षी डायरेक्टर आपल्या आलेखाला गोल्ड म्हणतो तेव्हा बरं वाटतं. मी खोटं बोलणार नाही.

काकांनी तो आलेख चष्मा काढून, अगदी जवळून बघितला होता. मग म्हणाले, "बाई, रेषा खाली आली ती दिसली. पण ती कुणी ओढली?"

मी म्हटलं, "वेळेने. जसजशी मुदत जवळ येते तसतशी मागणी उतरते."

ते म्हणाले, "वेळ काय ओढतीय!" आणि चहा प्यायला गेले.

मी इंजिनिअर आहे. मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं या जुलैमध्ये. माझ्या आलेखातला प्रत्येक व्यवहार काकांचा होता. प्रत्येक खेळाडूकडे नाड्या होत्या. ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबले, कारण काकांनी शब्द दिला होता. दुसऱ्या क्लबांना त्यांनी नाही म्हटलं, कारण काकांनी शब्द दिला होता. म्हणून शेवटी त्यांच्याकडे दुसरा रस्ता उरला नाही, आणि म्हणून रेषा कोसळली. मला वाटलं मी वेळेचा परिणाम मोजते आहे. मी काकांची पत मोजत होते, आणि ती कशी वापरून संपवावी याचा नकाशा काढून देत होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ही चूक केली असती तर सरांनी पेपर परत फेकला असता. इथे मला पगारवाढ मिळाली.

ही माझी चूक. तिची लाज मला आहे, आणि ती माझ्याजवळ राहील. पण मी चूक केली. पहिल्या रांगेने ती चूक कळल्यावर धोरण म्हणून स्वीकारली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण मी ते निनादना सांगितलं होतं. जुलैत. नवा आलेख घेऊन गेले होते. म्हटलं, हे वेळेमुळे होत नाही, हे काकांमुळे होतं, आणि हे पुन्हा पुन्हा होणार नाही. ज्यांना असं थांबवलं त्यांतले तिघे आता आपला फोन घेत नाहीत. निनाद म्हणाले, "तो? काका हैं ना अपने पास."

हे वाक्य मी शब्दशः सांगितलं आहे. काका हैं ना अपने पास. टेबल आहे ना, प्रिंटर आहे ना, त्या सुरात.

आता या उन्हाळ्याचं सांगते. एकाच खेळाडूचं सांगते. त्याचं नाव संग्राम. कोल्हापूरचा, काकांच्याच तालमीतला. वय तेवीस. डाव्या बाजूचा बचावपटू. गोव्यातल्या एका छोट्या क्लबकडून खेळत होता आणि त्याचा करार मे महिन्यात संपला. त्याला मी शोधलं नाही. माझ्या यादीत तो चाळिसाच्या पुढे होता. काका म्हणाले, "तुझी यादी वरनं वाचतीस म्हणून." मग त्यांनी मला त्याचे सामने बघायला लावले. एका सामन्यात त्याचा सहकारी पडतो, चेंडू समोरच्याकडे जातो, आणि संग्राम, जो स्वतः चुकलेला नाही, सत्तर मीटर मागे पळत जातो. चेंडू अडवतो. आणि मग त्या पडलेल्या सहकाऱ्याला ओरडत नाही, हात देतो. काका म्हणाले, "हे तुझ्या मशीनमध्ये कुठल्या खान्यात टाकतात?" मी म्हटलं, पळालेलं अंतर. ते म्हणाले, "घाल मग. पण खाना लहान पडतोय."

मेमध्ये काका कोल्हापूरला गेले. संग्रामच्या आईने तांबडा-पांढरा केला होता. डॉक्टरांनी काकांना बंद केलेलं सगळं त्या ताटात होतं. सुमनकाकू, तुम्हाला त्यांनी सांगितलं होतं की भात आणि आमटी खाल्ली. मला खरं माहीत आहे. तीन वाट्या. निघताना त्यांनी नाड्या दिल्या.

त्यानंतर दोन क्लबांनी संग्रामला विचारलं. त्याने दोघांना सांगितलं, माझं दिल्लीला ठरलंय.

आणि आपला क्लब गप्प झाला. कूलिंग सुरू.

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं की ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, संग्रामचा फोन घ्यायचा नाही. काका चेअरमन साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "घाटगेजी, इमोशनल मत होइए, ये प्रोसेस है." साहेब, तुम्ही अच्छा माणूस म्हणून काकांची ओळख करून द्यायचात सगळीकडे. त्या दिवशी तो अच्छा माणूस तुमच्या दारात चाळीस मिनिटं उभा होता. खुर्ची रिकामी होती. मी काचेतून बघत होते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. मीटिंग रूम. काकांचा फोन टेबलावर. निनाद, काका आणि मी. फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, संग्राम कोल्हापूर. काकांचा हात गेला. निनाद म्हणाले, "काका, बजने दो."

एक रिंग. दोन. काका माझ्याकडे बघत होते. तीन.

काकांनी हात मागे घेतला.

फोन वाजत राहिला. तुम्हाला माहीत आहे का, एक फोन किती वेळ वाजतो? उचलणाऱ्याला कधीच माहीत नसतं. तो खूप वेळ वाजतो. मग थांबला. काका मला म्हणाले, "गार्गी, तुझ्या आलेखात हा पोरगा कुठं हाय?"

आणि मी, जिला तोपर्यंत सगळं कळलं होतं, जिच्या लॅपटॉपमध्ये नवा आलेख तयार होता, मी म्हटलं, "काका, अजून थोडेच दिवस."

मी हे इथे का सांगते आहे? कारण त्यानंतर ते माझ्याशी आलेखाबद्दल बोलले नाहीत. मला डब्यातली लिंबाची फोड द्यायचे तेवढी देत राहिले. नेहमीसारखी.

संध्याकाळी मेट्रोत एकच गोष्ट बोलले. दर जानेवारीत ते आमच्या नव्या खेळाडूंना पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर घेऊन जायचे, हे खेळाडूंना आठवत असेल. मल्याळी असो, मणिपुरी असो, सगळ्यांना बसमध्ये घालून. मला म्हणाले, "तिथं आपले लोक अडीच महिने थांबले. समोरचाही थांबला होता. त्याला मागनं धान्य येत होतं, आपलं तुटलं होतं. थांबायला हरकत नाही बाई. पण मागनं काय येतंय ते बघून थांबावं." मग पुढचं स्टेशन आलं, आणि त्यांनी एका बाईला बसायला जागा दिली.

त्यानंतर बारा दिवसांनी, सकाळी, फिरून आल्यावर, गॅलरीतल्या खुर्चीत काका गेले. हृदयविकाराचा झटका.

इथे मी काळजीपूर्वक बोलते. त्या फोनमुळे ते गेले असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट दुसरीच्या पाठोपाठ घडली म्हणजे पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. हीच चूक मी एकदा केली आहे, पुन्हा करणार नाही. त्यांचं वय होतं, त्यांचा रक्तदाब होता, तो तांबडा रस्सा होता. क्लबने काकांना मारलं नाही. क्लबने फक्त एवढं केलं, की सत्तर वर्षं शब्द पाळलेल्या माणसाला शब्द न पाळलेला माणूस म्हणून जायला लावलं. हे मोजता येतं. हे मी बघितलं आहे.

क्लबने त्याच दुपारी पोस्ट टाकली. काळ्या पार्श्वभूमीवर फोटो, खाली हात जोडलेले. फार सुंदर फाँट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. मी समजत होते, शोकाची असेल. दोन मिनिटं उभे राहिलो, तेवढी होती. मग निनाद म्हणाले, आणि हेही शब्दशः सांगते, "वैसे संग्रामवाली डील में तो अपना फायदा ही है. अब कोई प्रेशर नहीं डालेगा. वी आर ग्रीव्हिंग. आखरी दिन तक आराम से खींच सकते हैं."

निनाद, खाली बघू नका. साहेबांना सांगा. हे वाक्य त्यांनी हिंदीतच ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती. त्याचं भाषांतर नको, फक्त आठवण करून द्या.

मी रोज यंत्रांबरोबर काम करते. यंत्राला माणूस मेलेला कळत नाही, म्हणून यंत्र असा हिशोब करू शकतं. यंत्राला माफ आहे.

विंडो उद्या संध्याकाळी बंद होते. योजनेप्रमाणे क्लबचा फोन संग्रामला उद्या सकाळी जाणार होता. ठरल्याच्या निम्म्यात.

आता शेवटचं. परवा मी सुमनकाकूंना भेटायला गेले. काकूंनी काकांचा फोन माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "सारखा वाजतो. मला बघवत नाही. बंद कसा करायचा ते दाखव." मी हातात घेतला आणि तो वाजला. संग्राम कोल्हापूर.

मी दुसऱ्या रिंगला उचलला.

पलीकडून आवाज आला, "काका?" मी म्हटलं, मी गार्गी. क्लबमधली. तो म्हणाला, "ताई, काका गेल्यालं मला ठाऊक हाय. पोस्ट बघितली. तरी नंबर लावतोय. सवय झालीया." मग म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. बेंगळुरूचा क्लब रविवारपर्यंत थांबतोय म्हणालाय. पर माझ्याकडं काकांच्या नाड्या हायत. शब्द देणारा माणूस गेला. आता ह्या नाड्या परत कुणाला द्यायच्या?"

आमच्या बावीस स्लाइड्समध्ये या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सगळे क्लबवर रागावतात, शिव्या देतात, वकिलाची भाषा करतात. हा विचारत होता, परत कुणाला द्यायच्या. अडीच महिने त्याला घरी बसवलं होतं आम्ही. आणि त्याला काळजी होती, मेलेल्या माणसाचा शब्द आपल्या हातून मोडेल की काय याची.

मी फोन काकूंकडे दिला.

काकू, तुम्ही रागावणार नसाल तर सांगते. काकू चप्पल घालून बाहेर निघाल्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळा, मी त्यांची बायको बोलते. नाड्या परत द्यायच्या नाहीत, बुटात घालायच्या. शब्द ह्या घराने दिला होता, हे घर तुला त्यातून सोडवतं. तू जा. खेळ." आणि मग, "जेवलास का?"

क्लबच्या वतीने कुणीतरी संग्रामशी खरं बोललं ते एवढंच. आणि ती व्यक्ती क्लबच्या पगारावर नाही.

तर निनाद, साहेब, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. आज रविवार आहे. संग्राम सकाळच्या विमानाने बेंगळुरूला गेला आहे. या वेळी तो तिथल्या ऑफिसात बसलेला असेल. तुम्ही उद्यापर्यंत आरामात थांबा. डाव्या बाजूला कोण खेळेल ते मला माहीत नाही. माझा राजीनामा मी आज दुपारी मेल केला आहे. उत्तराची घाई नाही. तुम्ही लगेच उत्तर देत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझं बोलणं संपलं. आता प्रथेप्रमाणे आपण दोन मिनिटं उभं राहून शांत राहायचं आहे. मला या शांततेबद्दल थोडं अवघड वाटतं. काकांनी या उन्हाळ्यात ती फार सोसली. तरी राहू या, कारण ही शांतता कुणाला घाम फोडण्यासाठी नाही.

फक्त एक अट. हा काकांचा फोन. मी तो इथे, त्यांच्या फोटोसमोर ठेवते. आवाज पूर्ण चालू आहे. सही झाली की मी आधी काकांच्या नंबरवर कळवणार, असं संग्राम म्हणाला आहे. आपण उभे असताना तो वाजला तर मौन तिथेच संपलं असं समजायचं. सुमनकाकू इथे माझ्याशेजारी येऊन उभ्या राहतील, आणि तिसऱ्या रिंगच्या आत फोन उचलतील.

काका, माझ्याकडून एकदा उशीर झाला. तुम्हाला नमस्कार.

सगळ्यांनी उभं राहा.